मेंग सरांसाठी एक पाटी

प्यो सांगदूला फक्त एक पाटी लावायची होती. वीतभर लाकडी चौकट आणि आत दोन ओळी. विमा कंपनीच्या सूचना विभागात ज्यानं सत्तावीस वर्षं काढली, ज्यानं लिहिलेल्या सूचनेत लिफ्ट का बंद आहे, कुठवर बंद आहे आणि तोवर कुठल्या जिन्यानं जावं हे सगळं तीन ओळींत बसायचं, त्याला दोन ओळी म्हणजे डाव्या हातचा मळ. निदान त्याला तसं वाटत होतं. त्याच्या बायकोला, मिओकला, तसं वाटत नव्हतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

पाटीवर लिहायचं होतं ते इतकंच, की दुकानात व्हेप ओढू नये.

दुकान म्हणजे सोसायटीच्या फाटकाशी असलेलं कॉफीचं दुकान. सात टेबलं, आणि एक इटालियन यंत्र, ज्याला मिओक ‘माझी सवत’ म्हणायची. या दुकानाला रोज न चुकता येणारं गिऱ्हाईक एकच होतं. मेंग सर. वय एक्क्याऐंशी. सकाळी साडेदहाला यायचे, खिडकीजवळ बसायचे आणि पुडीतली कॉफी मागायचे, ती साखर आणि दुधाची पावडर आधीच मिसळलेली असते ती. इटालियन यंत्राकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. प्यो त्यांच्यासाठी पुड्यांचा डबा काउंटरखाली लपवून ठेवायचा, कारण ‘अस्सल इटालियन कॉफी’ अशी दारावरची पाटीही त्यानंच लिहिली होती. कॉफी समोर आली की सर कोटाच्या आतल्या खिशातून बॅटरीवर चालणारी एक चकचकीत कांडी, तीच व्हेप, काढायचे, गाल आत ओढायचे, आणि टेबलावर पीचच्या वासाचा पांढरा ढग उभा राहायचा.

“मग तोंडानं सांगा ना,” मिओक म्हणाली. “सर, इथे नका ओढू. चार शब्द आहेत. चार शब्दांना चौकट कशाला लागते?”

“तुला कळत नाही.”

“मला कळतं. तुम्ही घाबरता.”

हे खरं होतं, आणि खरं असलेलं बायकोनं बोलून दाखवलं की माणसाचा घास घशात अडकतो. मेंग सर प्योला अकरावीला होते. शिकवायचे भाषा, पण शाळेत ओळखले जायचे ते शिस्तीचे सर म्हणून. ओढणारी पोरं त्यांना वासावरून कळायची. संडासाच्या दाराशी उभे राहून ते नुसते खाकरायचे, आणि आतली पोरं पेटती सिगारेट भांड्यात टाकून रांगेनं बाहेर यायची. नावानं ते कुणाला हाक मारत नसत, हजेरीच्या नंबरानं मारत. प्यो सदतीस नंबर होता. या दुकानात पहिल्या दिवशी सर आले, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सदतीस.” कंपनीनं ‘सन्मानानं’ घरी बसवल्यापासून प्योला साहेब म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, सगळे ‘मालक’ म्हणायचे, तेही अर्ध्या तोंडानं. सदतीस म्हणणारं एक माणूस जगात आहे, याचं त्याला किती बरं वाटलं हे त्यानं मिओकलाही सांगितलं नाही.

आता या माणसाला कसं सांगायचं? एक तर वडीलधाऱ्यासमोर धाकट्यानं ओढू नये, दारूचा पेलासुद्धा तोंड फिरवून प्यावा, या रिवाजात तो वाढलेला. वडीलधाराच ओढत असेल तर धाकट्यानं काय करावं हे त्या रिवाजात कुठेच सांगितलेलं नाही. त्यामुळे सरांनी कांडी काढली की प्योच मान खाली घालून भिंतीकडे तोंड करायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पकडला गेलाय तो हाच.

आणि दुसरं कारण याहून वाईट होतं. सरांनी एकदा आपण होऊन सांगितलं होतं. “शेगडी चालू राहिली माझ्या हातून. दोनदा. पोरीनं टेकडीवरच्या त्या म्हाताऱ्यांच्या घरात माझं नाव घालून ठेवलंय. म्हणाली, बाबा, आणखी एक तक्रार आली की बॅग भरायची.” मग ढगाआडून म्हणाले, “तिथे दिवसभर टीव्ही चालू असतो, सदतीस. बंद करायचं बटण कुणाच्याच हातात नसतं.”

म्हणजे तक्रार होता कामा नये, आणि सरांना दुखवायचंही नाही. एवढ्यासाठी पाटी. भिंतीला सांगितलेलं कुणाला लागत नाही.

धूम्रपान मनाईचं सरकारी स्टिकर दारावर होतंच. सरांनी एके दिवशी ते नीट वाचलं, मान डोलावली, “हे उत्तम केलंस. आजकाल पोरांना लाज उरलेली नाही,” म्हणाले आणि कांडी काढली. त्यांच्या लेखी कांडी म्हणजे सिगारेट नव्हे. धूर नाही, राख नाही, काडी नाही. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ही नुसती वाफ आहे, आणि वाफ तर चहालाही येते.

प्योमधला सूचना लिहिणारा इथे जागा झाला. वाफेला सिगारेट म्हणता येतं का, हे ठरल्याशिवाय पाटी कशी लिहायची? सूचना चुकीच्या आधारावर जाऊ नये म्हणून त्यानं सत्तावीस वर्षांत दोनदा ताप अंगावर काढला होता. त्यानं शहराच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“व्हेपमध्ये काय आहे?” पलीकडच्या मुलीनं विचारलं. आवाज गोड होता आणि दमलेला.

“वाफ.”

“वाफेत काय आहे?”

“पीच.”

“तसं नाही, मालक. निकोटिन तंबाखूच्या पानातलं आहे की कारखान्यात बनवलेलं?”

“पानातलं असलं तर?”

“तर ती तंबाखू झाली. दुकानात बंदी, ओढणाऱ्याला दंड.”

“आणि कारखान्यातलं असलं तर?”

“तर सध्याच्या नियमात ती तंबाखू होत नाही. मग तुमचं दुकान, तुमची मर्जी.”

“दोन्हीतलं कुठलं ते बघून कळतं का?”

“बघून नाही कळत.”

“वासानं?”

“वास तुम्हीच म्हणालात पीचचा आहे म्हणून.” मुलीनं उसासा टाकला. “अर्ज करा. लेखी उत्तर येईल.”

लेखी उत्तर हे दोन शब्द ऐकून प्योचा जीव सुखावला. अर्ज दोन पानांचा होता. त्यानं तो दोन रात्री बसून सुवाच्य अक्षरात भरला. फक्त रकाना सहा रिकामा राहिला: ‘द्रवाचे नाव, बाटलीवर छापल्याप्रमाणे.’ ते नंतर कळवतो असं पेन्सिलीनं लिहून त्यानं अर्ज पाठवून दिला.

शेजारच्या दुकानात बांग नावाचे घरांचे दलाल बसायचे. वर्षभरात त्यांच्या हातून एकही घर विकलं गेलं नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांना वेळच वेळ होता. त्यांनी येऊन फुकटची कॉफी घेतली आणि म्हणाले, “मालक, चूक तुमची ही की पाटी छोटी आहे. छोट्या पाटीला कोण विचारतो? कलमं घाला. एक, दोन, तीन. कलम दिसलं की माणूस वचकतो. आमच्या मेहुण्याच्या बिलियर्डच्या क्लबात चौदा कलमं आहेत.”

“तिथे कोणी ओढत नाही?”

“तिथे कोणी येतच नाही. तो भाग वेगळा.”

प्योनं अकरा कलमं लिहिली. व्हेप म्हणजे काय, दुकान म्हणजे कुठून कुठवर, वाफ तोंडातून बाहेर आली म्हणजे ओढली असं धरावं की नाही, सगळं आलं. पाटी खिडकीजवळ, सरांच्या नजरेसमोर लावली. सर आले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. प्यो काउंटरमागे श्वास रोखून उभा. सरांनी खिशातून लाल पेन काढलं. चौथं कलम पूर्ण खोडलं, सातव्याखाली रेघ मारली, आणि समासात लिहिलं, ‘पाल्हाळ.’

“पुन्हा लिहून आण, सदतीस.”

छप्पन्न वर्षांच्या माणसानं ते पुन्हा लिहून आणलं. पुन्हा खोडलं गेलं. तिसऱ्या दिवशी अकराची सहा कलमं उरली, आणि सरांनी खाली बरोबरची खूण करून सही केली. प्यो इतका खूश झाला की पाटी कशासाठी होती हेच विसरला. सर कांडी ओढत म्हणाले, “भाषा सुधारली. पण हे आहे कुणासाठी ते कळत नाही.”

“माझा बाप असता तर मी पंखा लावला असता,” बांग म्हणाले. “वाफ आहे ना? मग बाहेर घालवा. भांडण कशाला?”

खिडकीच्या वर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवण्यात आला. पंखा उत्तम चालला. वाफ सरांच्या डोक्यावरून सरळ वर, भिंतीतून बाहेर, आणि तिथून पहिल्या मजल्यावरच्या पियानोच्या वर्गात. चार दिवसांनी त्या वर्गातली पोरं घरी जाऊन पीच मागू लागली. नोव्हेंबरात पीच कुठून आणायचे? आया चौकशी करत खाली आल्या. त्यातल्या एकीनं, एकशे सहा नंबरच्या इमारतीतल्या, बाबागाडीला एक हात ठेवून दुसऱ्या हातानं काचेतून फोटो काढला. फोटोत खिडकी होती, ढग होता, आणि ढगात कुणीतरी होतं.

आपल्याकडे एकदा फोटो काढला की माणूस गप्प बसत नाही. फोटो संध्याकाळी तक्रारीसह आरोग्य केंद्राकडे गेला, आणि शहरातल्या आयांचा फोनवर जो एक मंच असतो, ज्याच्या एका वाक्यानं दोन बेकऱ्या आणि एक दातांचा दवाखाना बसलेला होता, त्यावरही गेला.

दोन दिवसांनी पावणेअकराला हिरवी जाकिटं घातलेले दोन तपासनीस आत आले. कांडी टेबलावर होती. ढग अजून विरायचा होता. सर खिडकीबाहेर बघत होते, आपल्याशी याचा काही संबंध असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“ही कुणाची?” मोठ्या तपासनिसानं विचारलं.

दंडाचा कागद घरच्या पत्त्यावर जातो. सरांच्या घरी टपाल कोण उघडतं हे प्योला माहीत होतं. त्याच्या डोळ्यांसमोर भरलेली बॅग आली, आणि टेकडीवरचा तो बंद न होणारा टीव्ही आला. त्यानं आयुष्यात मसुदा न करता काही केलं नव्हतं. ते त्यानं त्या क्षणी केलं.

“माझी,” तो म्हणाला, आणि कांडी उचलली.

“फोटोत तर म्हातारे दिसतात.”

“फोटोत ढग दिसतो. ढगामागे मी होतो.”

तपासनिसानं एकवार फोटोकडे आणि एकवार प्योकडे बघितलं. विश्वास बसलेला नव्हता. तेव्हा प्योनं पुरावा दिला. गाल आत ओढून एक मोठा झुरका घेतला, आणि मेंग सरांच्या तोंडासमोर, हातभर अंतरावरून, वाफ सोडली.

सरांची खुर्ची मागे सरकली.

“सदतीस नंबर,” ते म्हणाले. आवाज तोच होता, संडासाच्या दाराबाहेरचा. “माझ्यासमोर?”

प्योला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच काही ठसक्याचं नव्हतं. तपासनिसांनी पावती फाडली. सरांनी त्याला पंधरा मिनिटं उभं केलं आणि फुप्फुसं या विषयावर बोलले. जाताना त्यांनी कांडी मात्र न विसरता खिशात घातली.

“चोर सोडून संन्याशाला सुळी,” मिओक म्हणाली.

“त्यापेक्षा वाईट,” बांग म्हणाले. “आपलीच मोरी आणि मुतायची चोरी.”

मंचावर त्या रात्री नवीन मजकूर आला: फाटकाशेजारच्या दुकानात खुद्द मालकच म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर वाफ सोडतो. खाली एकशे चाळीस जणींनी काय वाटलं ते लिहिलं होतं. प्योनं ते सगळं वाचलं. एकीनं लिहिलं होतं, ‘चेहऱ्यावरूनच कळतं.’ हे त्याला दंडापेक्षा जास्त लागलं. सत्तावीस वर्षं त्यानं निनावी सूचना लिहिल्या होत्या, त्याच्या चेहऱ्याकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, आणि गेलं ते असं. त्यानंतरच्या आठवड्यात सात टेबलांपैकी सहा रिकामी राहिली. सातव्यावर सर होते, कारण सर मंच वाचत नसत.

दंडावर हरकत घ्यायला प्योनं पुन्हा फोन लावला. तीच मुलगी होती.

“तुमचा अर्ज माझ्यासमोरच आहे, मालक. किती छान अक्षर आहे. पण रकाना सहा रिकामा आहे. द्रव कुठला ते कळलं, आणि तो तंबाखूचा नसला, तर दंड आपोआप रद्द. फोटोची तक्रारही निकाली. मग त्या दुकानात कुणी ओढली तरी कुणाचीच काही हरकत नाही.”

कुणाचीच काही हरकत नाही. हे वाक्य प्योनं कागदावर लिहून ठेवलं. म्हणजे सगळं अडलं होतं ते एका रकान्यावर. एक नाव मिळालं की सर सुटले, तो सुटला, पाटीचीही गरज उरली नाही.

“सर, उद्या ती बाटली आणाल का? जिच्यातून तुम्ही कांडी भरता ती.”

“आणतो.”

पहिल्या दिवशी सरांनी तिळाच्या तेलाची बाटली आणली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत घालायचे थेंब आणले. तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं आले आणि विचारलं, “तू मला काहीतरी आणायला सांगितलं होतंस. की मी तुला?” त्यांनी कोट खुर्चीला टांगला तेव्हा अस्तराला शिवलेली एक कापडी पट्टी प्योला दिसली. तिच्यावर दोऱ्यानं एक नाव विणलेलं होतं, उन्जो, आणि फोन नंबर. मुलीनं, स्वतःच्या नावानं शिवलेली. हरवलेल्या सामानावर असावी तशी.

आता इथे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. ज्याला रिकामा रकाना बघवत नाही अशाच माणसाच्या हातून होऊ शकतं. प्योनं तो नंबर टिपून घेतला आणि दुपारी फोन लावला. तक्रार करायची नव्हती. तक्रारीचा विचारही त्याच्या मनात नव्हता. त्याला फक्त बाटलीवर काय छापलंय ते हवं होतं.

“मी कॉफीच्या दुकानातून बोलतोय. काळजीचं काही नाही. सरांच्या व्हेपच्या बाटलीवरचं नाव तेवढं वाचून दाखवाल का? अर्जासाठी हवं आहे.”

पलीकडे वाहणारा नळ बंद झाला.

“कसली व्हेप?” उन्जो म्हणाली.

इथे फोन ठेवता आला असता. राँग नंबर म्हणता आलं असतं. पण अर्धवट सूचना देणं प्योच्या रक्तातच नव्हतं. त्यानं क्रमानं सांगितलं: कांडी, पाटी, सहा कलमं, पंखा, पियानो, फोटो, तपासनीस, पावती, तारखांसकट. मध्येच आपण काय करतोय याची शंका त्याला आली, पण तोवर तो तपासनिसांपर्यंत पोचला होता आणि पावतीशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती.

“आई गेली तेव्हा त्यांनी सोडली होती,” उन्जो म्हणाली. “तिच्या फोटोपुढे शपथ घेतली होती त्यांनी. मी रोज त्यांचे कपडे धुते. वास यायचा, मला वाटायचं साबणाचा आहे.” मग अगदी शांतपणे म्हणाली, “तक्रार झाली म्हणजे. बरं झालं तुम्ही सांगितलंत. उद्या येते.”

फोन ठेवला आणि मग प्योला कळलं.

शाळेत असताना त्यालाही एकदा सरांनी पकडलं होतं. हातावर दहा छड्या, हा ठरलेला भाव. मग सरांनी विचारलं होतं, घरी कोण असतं? वडील छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात आहेत म्हटल्यावर सरांनी छडी खाली ठेवली आणि म्हणाले, “घरी सांगत नाही. जा, वर्गात जा.” त्याला पकडून दिलं होतं वर्गाच्या मॉनिटरनं. सरांनी त्या मॉनिटरला सगळ्या वर्गासमोर वीस दिल्या. “ओढणाऱ्यानं स्वतःची छाती जाळली. तू दुसऱ्याचं घर जाळायला निघालास. ओढणाऱ्याला दहा, चुगलखोराला वीस.”

प्योनं संध्याकाळभर उन्जोचा नंबर फिरवला. ती उचलत नव्हती. “मी काय चुगली केली?” तो मिओकला म्हणाला. “मी रकाना भरत होतो.” मिओक काही बोलली नाही. ती गप्प बसली म्हणजे प्रकरण खरंच वाईट आहे, हे तीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आयुष्यातली सर्वांत छोटी सूचना लिहिली. ‘सर, इथे नको. — ३७.’ कागद दुमडून त्यांच्या टेबलावर उभा केला. त्याला अंधुक आशा होती, की उन्जो येईल तेव्हा सरांच्या हातात कांडी नसली तर निदान दिसायला बरं दिसेल. मिओकनं महिन्यापूर्वी जे सांगितलं होतं तेच, एक शब्द कमी होऊन, कागदावर आलं होतं.

सर आले. वाचलं. लाल पेन काढलं नाही. कांडी खिशातून अर्धी वर आली होती ती त्यांनी परत आत ढकलली, कॉफी संपवली, आणि म्हणाले, “किल्ली दे.”

संडास दुकानांच्या रांगेला मिळून एकच, मागच्या बाजूला. किल्ली कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून मिओकनं ती एका लाकडी भातवाढीला बांधून ठेवली होती. भातवाढी हातात घेऊन सर मागे गेले. प्यो मनात म्हणाला, बघा, पाटी लागू पडली. सत्तावीस वर्षांत एवढी लागू पडलेली सूचना नव्हती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. तो मागे गेला. संडासाच्या दाराखालून पीचचा वास येत होता.

तो दाराशी उभा राहिला. काय म्हणावं सुचेना, म्हणून नुसता खाकरला.

आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग पाणी सोडल्याचा. दार उघडलं आणि मेंग सर बाहेर आले. पाठ ताठ, हात दोन्ही बाजूंना, डोळे जमिनीवर. कोटावर पाण्याचे शिंतोडे उडाले होते.

“पहिलीच वेळ आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “घरी कळवू नका.”

प्योला वाटलं, खाली बसावं आणि रडावं. पण समोरचा वाट बघत होता, आणि त्या वाक्याला उत्तर एकच होतं.

“घरी सांगत नाही,” तो म्हणाला. “जा, वर्गात जा.”

सरांनी मान हलवली, आणि सुटका झालेल्या पोरासारखे भरभर दुकानाकडे निघाले. काउंटरपाशी उन्जो उभी होती. पन्नाशीची, न झोपलेली बाई. तिनं पिशवीतून एक बाटली काढून प्योपुढे ठेवली. “पलंगाखाली सापडली. तुम्हाला नाव हवं होतं ना?” बाटलीवर पीचचं चित्र होतं, आणि खाली बारीक अक्षरात छापलं होतं, ‘निकोटिन शून्य.’ कारखान्यातलं नाही आणि पानातलंही नाही. नुसती गोड वासाची वाफ. चहाच्या वाफेइतकीच गुन्हेगार.

“मग यात काहीच नाही,” प्यो घाईघाईनं म्हणाला. “बघा ना, शपथही मोडली नाही त्यांनी. तक्रारच होत नाही ही.”

“प्रश्न बाटलीचा नाही हो,” उन्जो म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, नुसता फाटला. “काल ते रात्री आईला शोधायला खाली गेले होते. अनवाणी. मी एकटी किती बघू?” मग ती सरांकडे वळली. “बाबा, बॅग गाडीत ठेवलीय.”

सरांनी मुलीकडे पाहिलं. मग काउंटरवरच्या बाटलीकडे. मग प्योकडे. आणि हळूहळू त्यांचे डोळे निवळले. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायची ती नजर होती.

“सदतीस नंबर.”

“हो सर.”

“चुगलखोराला किती?”

“वीस, सर.”

“हात.”

प्योनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. मिओक यंत्रापाशी कप हातात धरून उभी होती, ती मध्ये पडली नाही. सरांनी अजून हातातच असलेली भातवाढी उचलली. किल्ली तिच्या टोकाशी डुलत होती. नेम बरोबर होता. प्योला मनापासून वाटत होतं की बसावी. एक तरी बसावी.

उन्जोनं वडिलांच्या मनगटावर हात ठेवला. “चला, बाबा. उशीर होतोय.”

सरांनी भातवाढी खाली आणली आणि काउंटरवर नीट आडवी ठेवली. “उद्या घेतो,” ते म्हणाले, आणि मुलीचा हात धरून दाराबाहेर गेले.

आरोग्य केंद्राचं पत्र पुढच्या मंगळवारी आलं. रकाना सहा पूर्ण भरल्याबद्दल आभार, सदर पदार्थ तंबाखूच्या व्याख्येत बसत नाही, दंड रद्द, दुकानात ओढू देणे न देणे मालकाच्या मर्जीवर, कुणाचीही हरकत नाही. खाली शिक्का. इतकं निर्दोष पत्र प्योनं कधी वाचलं नव्हतं. पाटीसाठी आणलेल्या चौकटीत ते बरोबर बसलं. बांग म्हणाले, “बघा, शेवटी जिंकलात की नाही.” प्योनं चौकट उलटी करून काउंटरखाली पुड्यांच्या डब्यावर ठेवली.

रविवारी दुकान बंद ठेवून तो टेकडीवर गेला. कोटाच्या एका खिशात पुडीच्या कॉफीची दोन पाकिटं, आणि दुसऱ्या खिशातून भातवाढीचा दांडा बाहेर आलेला. बसमध्ये लोक बघत होते. मिओकनं किल्ली सोडवून दिली होती आणि काही विचारलं नव्हतं.

मोठ्या खोलीत टीव्ही चालू होता. सर खिडकीजवळ बसले होते, केस नीट विंचरलेले. त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांनी घेतला, एक घोट घेतला आणि अदबीनं मान लववली.

“आपण कोण?”

“सदतीस नंबर, सर.” प्योनं भातवाढी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि हात पुढे केले.

सरांनी त्या हातांकडे पाहिलं, सुरकुत्यांकडे पाहिलं, आणि समजूत घालावी तसे हसले.

“नाही हो. सदतीस नंबर लहान मुलगा आहे. आज गैरहजर आहे तो.” मग भातवाढी परत प्योच्या हातात देत म्हणाले, “आपल्याला दिसला तर पाठवून द्या. त्याचे वीस माझ्याकडे बाकी आहेत.”

“पाठवतो, सर,” प्यो म्हणाला.